सत्तार सरांचा गैरहजर कीबोर्ड

परतवाड्यात ज्यांना ज्यांना टेबलाची नोकरी लागली, त्यांच्या दहा बोटांपैकी निदान आठ अब्दुल सत्तार सरांनी घडवलेली आहेत. तहसीलमधला बाबू, अचलपूरच्या कोर्टाबाहेर झाडाखाली बसून अर्ज लिहिणारा, जंगलखात्यातल्या दोन बाया, सगळे सरांच्या हाताखालून गेले. मी दोनदा परीक्षेला बसलो आणि दोनदा पडलो. म्हणून मी आज संत्र्याच्या बागेत असतो आणि माझ्या गोष्टी हातानं लिहितो. तरी सर मला सोडत नाहीत. बाजारात भेटले की माझा हात हातात घेतात, एकेक बोट दाबून पाहतात आणि म्हणतात, "अनामिका कच्ची राह्यली गा तुही. तिच्यापायीच पडला."

सरांचं वय अडुसष्ट. अंगात पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. निळ्यानं ते लिहितात. लाल पेन चुकांभोवती गोल करायचं. क्लास बंद झाल्यापासून लाल पेनाला काम उरलेलं नाही, पण ते खिशात असतं. पेन्शनीत निघालेला जमादार जसा सवयीनं शिट्टी जवळ ठेवतो, तसं.

घराच्या पुढच्या खोलीत चौतीस वर्षं सरांचा टायपिंगचा क्लास चालला. चौदा मशीनी एकाच वेळी सुरू झाल्या की रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, आत पत्र्यावर गारा पडताहेत. त्या गारांनीच सरांचे कान खाल्ले. आता उजव्या कानाशी ओरडलं तर थोडं पोहोचतं. डाव्या कानाचं दार कायमचं लागलं आहे. सर याचं वाईट वाटून घेत नाहीत. "एखादी मशीन चुकीची वाजली तं आजबी समजते मले," असं ते म्हणतात. सरकारनं मशीनची परीक्षा बंद केली, मशीनी भंगारात गेल्या, त्यामुळे हा दावा तपासायची सोय राहिलेली नाही.

क्लासचे कायदे दोन होते.

पहिला कायदा, कळांकडे पाहायचं नाही. त्यासाठी सरांनी परतवाड्याच्या सुताराकडून लाकडी पेट्या करून घेतल्या होत्या. पेटीला तळ नाही, कळांवर बसेल एवढीच ती रुंद, आणि समोरून काळ्या कापडाचा पडदा. पडद्याआत हात घालायचे आणि भिंतीवरच्या रंगीत तक्त्याकडे पाहत बोटं चालवायची. पोरी त्या पेटीला घुंघट म्हणायच्या. पहिले पंधरा दिवस तर मशीनमध्ये कागदही नसायचा. आपण काय लिहिलं हे कोणालाच कळायचं नाही, कारण लिहिलेलं कुठं उमटायचंच नाही. नवा पोट्टा कुरकुरला की सर म्हणत, "आधी बोटाले समजू दे. डोळ्याले मागून सांगू."

दुसरा कायदा, वेळ म्हणजे वेळ. घंटा झाली की कागद ओढला. सरांची एकुलती मुलगी मिस्बाह सराव परीक्षेला बसली होती, तेव्हा 'कृपया' लिहिता लिहिता घंटा झाली आणि शेवटचं अक्षर राहून गेलं. बापानं कागद ओढला. नंतर त्यानं तिला बसस्टँडवर नेऊन कुल्फी खाऊ घातली, दोन खाऊ घातल्या, पण ते एक अक्षर दिलं नाही.

हे सगळं भिंतीच्या पलीकडे स्वयंपाकघरात नसीमबानोला ऐकू यायचं. नसीमबानो म्हणजे सरांची बायको. लग्नाच्या वर्षीच ती म्हणाली होती, "मलेबी शिकवा ना जी." सर म्हणाले होते, "पुढच्या बॅचमंदी पाहू." त्यानंतर अडुसष्ट बॅची झाल्या.

आता मिस्बाह पुण्यात आहे आणि कॉम्प्युटरच्या आतल्या भाषेत काम करते. मागच्या डिसेंबरात नसीमबानो बहिणीकडे अकोल्याला गेली असताना सर न्हाणीत घसरून पडले. दोन तास तिथंच होते. शेजारी दार वाजवत होते, फोन वाजत होता, आणि सरांना यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. हाड मोडलं नाही. मिस्बाहचा धीर मात्र मोडला. ती आली आणि म्हणाली, "अब्बा, झालं तेवढं पुरे. दोघंही पुण्याला चला."

सरांना पुण्याचं नाव काढलं तरी घाम येतो. तिथं कोणी त्यांना सर म्हणणार नाही, आणि कोणाची बोटंही त्यांच्या ओळखीची नाहीत. त्यांनी ताठ मानेनं एक अट स्वतःच घातली. "रोज संध्याकाळी सात वाजता, या घरातून, माह्या हातच्या दोन ओळी तुले येतीन. तीन दिवस आल्या नाईत तं मी सोता गाठोडं बांधतो."

"अम्मीचा फोन चालणार नाही," मिस्बाह म्हणाली. "अम्मी तुमचीच बाजू घेते."

"नाई चालन. मंजूर."

यासाठी मिस्बाहनं बापाला एक फोन दिला. तो फोन साधा नव्हता. त्याच्या आतली सगळी घडण ज्यांनी केली त्यांनी ती उघडी ठेवली आहे. कोणीही वाचावी, कोणीही आपल्या सोयीनं बदलावी. मिस्बाहनं त्यात सरांच्या जुन्या मराठी मशीनची मांडणी जशीच्या तशी बसवून दिली. पडद्यावर बोट टेकवलं की खालून कीबोर्ड वर यायचा आणि प्रत्येक अक्षर चौतीस वर्षांच्या आपल्या जागेवर बसलेलं असायचं. सरांचे डोळे भरून आले. मग ज्या माणसानं तीन हजार पोरांना कळांकडे पाहू दिलं नाही, तो माणूस चष्मा नाकावर ओढून, एका तर्जनीनं, एकेक अक्षर शोधत लिहू लागला. नसीमबानो हे दारातून पाहायची आणि पदराआड हसायची.

फोनसोबत मिस्बाहनं एक खरा कीबोर्डही आणला होता. बिनवायरचा, सेलवर चालणारा, फोनशी जोडून दिलेला. सरांनी तो एकदा वाजवून पाहिला. "वाजतच नाई हे. रबर हाय निरा." त्यांनी त्यातले दोन सेल काढून भिंतीवरच्या क्लासच्या घड्याळात टाकले आणि कीबोर्ड उरलेल्या एका घुंघटाखाली ठेवून दिला. मयताला झाकतात तसा.

जानेवारीभर ओळी बरोबर सातला गेल्या. 'मी ठीक आहे. आज मेथीची भाजी होती.' 'मी ठीक आहे. थंडी आहे.' फेब्रुवारी लागला आणि भिंतीवरचं घड्याळ रोज पाऊण तास मागे पडू लागलं. सर रोज फोनमध्ये पाहून ते पुढे करत आणि घड्याळाला शिव्या देत. मग एका सोमवारी घड्याळ पुरतंच थांबलं, तीनला वीस कमी असताना. आणि त्याच संध्याकाळी सातला सरांनी पडद्यावर बोट टेकवलं, तर खालून काहीच वर आलं नाही.

पुन्हा टेकवलं. जोरानं दाबलं. फोन बंद करून चालू केला. आकड्यांचं कुलूप उघडत होतं, मिस्बाहचे जुने मेसेज दिसत होते, फक्त लिहायचा कीबोर्ड नव्हता. सरांनी पडदा रुमालानं पुसला. फोन दिव्यासमोर धरून कडेनं आत पाहिलं. मग त्यांनी ट्रंकेतून क्लासचं जुनं हजेरीपुस्तक काढलं आणि निळ्या पेनानं लिहिलं:

'सोमवार, सायं. ७.०२. ठिकाण घर. कीबोर्ड गैरहजर. वेळ फोनवरून घेतली, भिंतीवरचं घड्याळ आज दुपारपासून बंद.'

नसीमबानोनं आपल्या साध्या फोनवरून मिस्बाहला कळवलं की अब्बा ठणठणीत आहेत, दोन पोळ्या जास्तच खाल्ल्या. मिस्बाह म्हणाली, "अम्मी, एक दिवस झाला." बिघाडाचं मात्र सरांनी तिला सांगू दिलं नाही. "सांगशीन तं ते म्हणन, पाहा, फोनबी सांभाळता येत नाई."

मंगळवारी सकाळी सर बसस्टँडजवळच्या शेखरच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेले. शेखरनं फोन उलटा केला, सुलटा केला.

"सर, कोन्त्या कंपनीचा हाय हा?"

"कंपनीचा नाई. साऱ्या दुनियेचा हाय. कोनीबी दुरुस्त करू शकते."

"मंग दुनियेलेच करू द्या ना सर. मीच काहून?" हे शेखर डाव्या कानाशी बोलला. मग त्यानं पडद्यावर बोट टेकवलं. खालून कीबोर्ड अलगद वर आला, जसा काही कुठं गेलाच नव्हता.

"हजर!" सर इतक्या मोठ्यानं ओरडले की समोरच्या काळी-पिवळीतले प्रवासी खाली वाकून पाहू लागले. शेखरनं चहा मागवला. काही न करता काम होण्याचा योग रोज येत नाही.

सर घरी आले, हजेरीत 'शेखरचे दुकान, हजर' असं लिहिलं, आणि सात वाजेपर्यंत फोन समोर ठेवून बसले. दुपारची झोपही घेतली नाही. सातला बोट टेकवलं. गैरहजर.

"तुमच्यासारखंच हाय जी ते," नसीमबानो उजव्या कानाशी येऊन म्हणाली. "बाजारात बडबड बडबड, अन् घरी आलं का तोंड बंद."

"मजाक नोको करू बानो. दोन दिवस झाले."

"मंग काय? पुण्याले स्वेटर लागते का, इचारून ठेवू?"

ती थट्टा करत होती, पण सरांनी रात्रीची पोळी अर्धीच खाल्ली. ती अर्धी पोळी पाहून तिचाही चेहरा उतरला. काहीतरी सांगायला तिनं तोंड उघडलं आणि परत मिटलं.

बुधवारी सकाळच्या एसटीनं सर अमरावतीला निघाले, बगलेत हजेरीपुस्तक आणि खिशात फोन. तिथं एका कॉलेजात त्यांची जुनी विद्यार्थिनी प्रतीक्षा कॉम्प्युटर शिकवते. मिनिटाला साठ शब्दांची पोरगी. तिची अनामिका सरांच्या मते साऱ्या जिल्ह्यात पहिली.

प्रतीक्षानं सरांना स्टाफरूममध्ये बसवलं, कोथिंबिरीची सांबारवडी मागवली आणि फोन हातात घेतला. कीबोर्ड लगेच वर आला. सरांनी कपाळाला हात लावला.

प्रतीक्षा कोरा कागद घेऊन त्यावर मोठ्या अक्षरांत लिहून सरांशी बोलते. ओरडून बोलणं तिला बरं वाटत नाही. तिनं लिहिलं, 'सर, आत्ता आला आहे तर आत्ताच दोन ओळी पाठवून टाका. आज तिसरा दिवस ना?'

सरांनी वाचलं आणि मान हलवली. "घरून लिहाची ठरली हाय. अन् सात वाजता. अमरावतीहून लिहिली तं ते कॉपी झाली. मी जिंदगीत कोनाले कॉपी करू देली का?"

'पण सर, नाही गेली तर पुणे!'

"तं पुणे," सर म्हणाले आणि सांबारवडीचा तुकडा हातातच राहिला.

प्रतीक्षाला सर ठाऊक होते. तिनं हजेरीपुस्तक ओढून घेतलं आणि वाचू लागली. सोमवार, घर, गैरहजर. मंगळवार, दुकान, हजर. मंगळवार, घर, गैरहजर. खाली सरांनी नुकतंच लिहिलेलं, बुधवार, अमरावती, हजर. मग तिनं फोनात आत जाऊन काहीतरी उघडलं, थोडा वेळ पाहिलं, आणि हसू दाबत लिहिलं:

'सर, फोन बिघडलेला नाही. फोन अदबशीर आहे. याला जोडलेला खरा कीबोर्ड जवळपास चालू दिसला, की हा पडद्यावरचा कीबोर्ड काढून घेतो. थोरला घरात आला की धाकट्यानं उठून जागा द्यावी, तसं. बाहेर थोरला नसतो, म्हणून धाकटा येतो. तुमच्या घरी खरा कीबोर्ड आहे का?'

"हाय. पन मेलेला हाय. त्याचे सेल मी माह्या हातानं काढले अन् घड्याळात टाकले."

प्रतीक्षानं हजेरीपुस्तकातल्या पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. 'भिंतीवरचं घड्याळ आज दुपारपासून बंद.' बोट तिथंच ठेवून ती सरांकडे पाहत राहिली.

सर ते वाचत होते. त्यांनीच लिहिलेलं होतं, त्यांच्याच अक्षरात. दुपारपासून घड्याळ बंद, संध्याकाळपासून कीबोर्ड गैरहजर. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदावरच्या चुका शोधणाऱ्या माणसाला आपल्या पानावरची शोधायला अमरावतीला यावं लागलं.

"पन सेल काढून तिथं टाकन कोन?" सर म्हणाले. "घरात आमी दोघंच हावो."

प्रतीक्षानं हातातलं पेन खाली ठेवलं.

परतीची एसटी आसेगावला बराच वेळ उभी राहिली. खिडकीबाहेर संत्र्याचे ढीग होते, हिरवट पिवळे, उन्हाला पाठ देऊन बसलेले. सर त्यांच्याकडे पाहत नव्हते. रोज पाऊण तास मागे पडणाऱ्या घड्याळाचा ते हिशेब जुळवत होते. आपण दुपारी रोज किती झोपतो? पाऊण तास.

परतवाड्यात उतरून, वाटेतल्या मशिदीत मगरिबची नमाज करून सर घराशी आले तेव्हा सातला पंधरा मिनिटं होती. पुढच्या खोलीत दिवा होता. सर दाराशी गेले नाहीत, खिडकीशी थांबले.

आत क्लासच्या जुन्या टेबलाशी नसीमबानो बसली होती. पाठ सरळ. कोपरं अंगाला. दोन्ही हात घुंघटाच्या पडद्याआड. नजर भिंतीवरच्या फिकट झालेल्या तक्त्यावर, आणि ओठ पुटपुटत होते. सरांना ऐकू येत नव्हतं, पण ओठ त्यांना वाचता येत होते, कारण ते शब्द त्यांचेच होते. करंगळी, अनामिका, मधलं, तर्जनी. काळा पडदा एका ठेक्यात हलत होता. सरांनी सवयीनं वेग मोजला. मिनिटाला दहा, फार तर अकरा शब्द. अनामिका मात्र कुठं अडत नव्हती. माझी कच्ची राहिली ती हीच अनामिका, हे सरांनी मला नंतर मुद्दाम सांगितलं.

सर आत आले. नसीमबानो दचकली, पण हात तिनं बाहेर काढले नाहीत.

"आले? भाजी झाकून ठेवली हाय."

"सेल?" सर म्हणाले.

"घड्याळाचे." आता ती उठून उजव्या कानाशी आली. "रोज तुमी झोपले का काढत होती, अन् उठायच्या आंधी परत लावत होती. सोमवारी तुमी अर्ध्या झोपीतून उठले. मंग तशीच पेटी ठेवली वरतून. घड्याळ बंद तुमी पाह्यलंच होतं. आता एकाएकी चालू झालं असतं तं इचारलं असतं तुमी. म्हनून राहू देले."

"सांगतलं काहून नाई?"

"काल तुमी अर्धी पोळी टाकली, तवा सांगनार होती. पन मले काय मालूम, त्याच्यानं ह्याचं बिघडते म्हनून. मले वाटलं, निरा माही चोरी सांगाची."

"अन् शिकवलं कोनं?"

"तुमीच. भिंतीतून." ती हसली. "पोट्ट्याहिले तुमी एक डाव सांगत होते. मले तं हर बॅचीले ऐकाले भेटे. भाजी करपली पन धडा नाई चुकला."

सरांनी पेटी उचलली. खाली तो रबराचा कीबोर्ड होता. पेटी मुळात मोठ्या मशीनसाठी केलेली. तिची मागची पट्टी कोपऱ्यातल्या एका कळेवर टेकत होती. ती कळ एकटी काही लिहीत नाही, पण दाबलेली राहिली की कीबोर्डला झोप लागत नाही. म्हणजे नसीमबानो स्वयंपाकघरात असली तरी घुंघटाआड तो तीन दिवस डोळे उघडे ठेवून जागाच होता. आणि फोन बिचारा थोरला बसला आहे म्हणून धाकट्याला बाहेर येऊ देत नव्हता.

सातला आठ मिनिटं होती. उपाय सोपा होता. दोन सेल काढायचे, की पडद्यावरचा कीबोर्ड हजर. मग तर्जनीनं दोन ओळी, आणि पुणे टळलं. सरांनी कीबोर्ड उलटा केला, सेलच्या झाकणावर अंगठा ठेवला.

नसीमबानो परत स्टुलावर जाऊन बसली होती. तिनं हात मांडीवर ठेवले. "काढा ना," ती म्हणाली. सरांना ऐकू आलं नाही, पण ओठ दिसले.

अंगठा झाकणावर तसाच राहिला.

"कितवा दिवस हाय?" सरांनी विचारलं.

तिनं बोटांनी दाखवलं. तेरा.

"कागदावर पाह्यलं का काही?"

तिनं नाही म्हणून मान हलवली आणि सरांच्याच सुरात, त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "पंधरा दिवसांच्या आंधी कागद नाई."

सरांनी कीबोर्ड सुलटा केला आणि तिच्यापुढं ठेवला. वरून पेटी बसवली, पण या वेळी मागची पट्टी कळेला लागू नये म्हणून खाली हजेरीपुस्तक सरकवलं. मग मिस्बाहचा मेसेज उघडून फोन तक्त्याखाली भिंतीला टेकवून उभा केला. घसा साफ केला.

"दोन दिवसाची सूट," ते म्हणाले.

हा शब्द त्या खोलीत याआधी कोणी ऐकलेला नाही. मी तर नाहीच ऐकला. माझी दोनच अक्षरं राहिली होती.

"काय लिहू?" नसीमबानोनं विचारलं.

"दोन ओळीची अट हाय. एक तुही, एक माही. अन् खाली पाहू नोको."

तिनं पडद्याआड हात घातले. फोनच्या पडद्यावर पहिलं अक्षर उमटलं, आणि आपल्या बोटातून निघालेलं ते अक्षर पाहून ती एवढी हरखली की दुसरं लिहायचं विसरली. सरांनी टेबलावर पट्टी आपटली. ती पुन्हा लिहू लागली. एकेक अक्षर येत होतं, मधे थांबत होतं, पुन्हा येत होतं. सर तिच्या मागं हात बांधून उभे होते, चौतीस वर्षं उभे राहत तसेच.

फोनच्या कोपऱ्यात सात वाजले तेव्हा तिची ओळ अर्धीच झाली होती.

तिलाही तो आकडा दिसला. तिची बोटं थांबली. तिला वाटलं, आता कागद ओढला जाणार. तिनं मागं वळून पाहिलं.

सर फोनकडे पाहत नव्हते. मान वर करून ते भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. तिथं तीनला वीस मिनिटं कमी होती.

"लिही, लिही," सर म्हणाले. "लय वेळ हाय आजून."

ओळ पुरी झाली. 'मिस्बाह मी अम्मी लिहिते आहे, अब्बाचा फोन चांगला आहे, घड्याळ मी बंद केलं.' मग सर स्टुलावर बसले, त्याच घुंघटात त्यांनी हात घातले, डोळे मिटले, आणि दहाही बोटांनी एका दमात आपली ओळ लिहून टाकली. 'मी ठीक आहे. विद्यार्थिनीची प्रगती बरी.' आणि पाठवलं.

उत्तर यायला थोडा वेळ लागला. मिस्बाह पुण्यात हसत होती की रडत होती, हे कोणी पाहिलं नाही. मेसेज आला तो असा: 'अब्बा, सात वाजून सहा मिनिटं झालीत. मला तेव्हा एक अक्षर दिलं नव्हतं.'

सरांनी तो दोनदा वाचला. मग लिहिलं, 'ती परीक्षा होती.'

'आणि ही?'

सरांनी पेटीखालचं हजेरीपुस्तक ओढलं. नसीमबानोची ओळ त्यात उतरवून घेतली, खिशातलं लाल पेन काढलं, ते आधी तळहातावर ओढून चालतं का पाहिलं, आणि तीन ठिकाणी गोल केले. नसीमबानो खांद्यावरून वाकून पाहत होती.

"तीनच?" ती म्हणाली. "तिले लिहा, आमी दोघंबी इथंच हावो. माहे दोन दिवस बाकी हायत आजून. मंग कागद."

सरांनी लिहायला हात उचलला, तर तिनं त्यांना स्टुलावरून उठवलं. "सरका. मीच लिहीन."